विठोबाला स्टेशनवर सोडणारा माणूस

आषाढी पौर्णिमेला पंढरपूरचा विठोबा धापेवाड्याला येतो, असं आमच्याकडे मानतात. कळमेश्वर तालुक्यातलं हे गाव. काठावरची नदीसुद्धा चंद्रभागाच, म्हणून विदर्भाची पंढरी. ज्यांना एकादशीला पंढरपूर जमत नाही ते गुरुपौर्णिमेला इथे येतात. नागपूरहून पायी ३५-४० किलोमीटर. सगळे नागपूरहून धापेवाड्याला चालतात. माझा नवरा धापेवाड्याहून नागपूरला चालायचा.

नवरा म्हणजे पूर्वीचा. घटस्फोटाला बरीच वर्षं झाली आणि गेल्या हिवाळ्यात तो वारला.

त्याचं म्हणणं असं : "पाहुणा येते तेव्हा सारेच पाहाले जातेत. त्याले सोडाले कोन जाते?" यात्रा पांगली की हा देवळातून निघायचा, तो थेट नागपूर स्टेशन. तिथे प्लॅटफॉर्म तिकीट काढून विठोबाला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसवून द्यायचा. दौंडला उतर, कुर्डुवाडीकडची गाडी पकड, तिथून पंढरपूर जवळच, हे सगळं खिडकीशी उभं राहून मोठ्याने. एकदा आतला प्रवासी घाबरून म्हणाला, "अहो, मी मनमाडलाच उतरतो." तर हा म्हणे, "तुमाले नाही जी, तुमच्या बाजूच्याले."

ऐकायला गंमत आहे. संसाराला नव्हती. आमच्या खिडकीखाली कडुनिंबाच्या सावलीत एक इस्त्रीवाला बसायचा. ऐन मे महिन्यात, पारा ४५ च्या वर, ह्याने घरातला एकुलता एक कूलर उचलून खिडकीत उलटा लावला, तोंड रस्त्याकडे. "तो निखाऱ्याजवळ बसते, आपन तर नुसते बसतो." मी टाकीत बादल्या ओतायच्या, वाळ्याचा गार वास रस्त्यावर जायचा, आणि आत आम्ही गरम पंख्याखाली. इस्त्रीवाल्याची मात्र पंचाईत झाली. वाऱ्याने कपडे उडायचे. शेवटी तोच वर येऊन हात जोडून म्हणाला, भाऊ, बंद करा. अशा माणसावर रागवताही येत नाही नीट, आणि न रागवता राहताही येत नाही. मी राहिले नाही. त्याबद्दल मला काही वाटत नाही. आजही त्या घरात मी एक उन्हाळा काढणार नाही.

तो गेला त्या दिवशी त्याच्या चुलत काकूंचा फोन आला. "तुला सुतक नाही हं, तुझं तुटलंय." जीव लावून सांगितलं त्यांनी, मला त्रास नको म्हणून. सुतक नाही, दहाव्याला बोलावणं नाही, तेरवीला जायचं तर कोण म्हणून जायचं? रडायलासुद्धा नातं लागतं आपल्यात.

उन्हाळ्यात त्याचा पुतण्या बिस्किटांचा एक डबा देऊन गेला. आत रबर लावलेली प्लॅटफॉर्म तिकिटं. खालची जुनी, जाड पुठ्ठ्याची, वरची कागदी, शाई उडालेली. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने एकेक ओळ. 'खिडकी मिळाली.' 'गर्दी. उभाच गेला, सवय आहे म्हणे.' 'गाडी लेट, चहा पाजला.' मधेच वहीचा एक चिटोरा : '२०२० – यंदा आलाच नाही. बरं केलं.'

यंदा मी चालायचं ठरवलं. सरळ दिशेने. दोघं सोबत असताना हे कधीच जमलं नव्हतं.

काटोल नाक्यावर आमच्या वस्तीतल्या बायकांची दिंडी मिळाली. गोरेवाडा, फेटरी. पहाटेची सर येऊन गेलेली, रस्त्याच्या कडेची काळी माती चपलेला धरून चपलेपेक्षा जड. दोन्ही बाजूंना बोटभर कपाशी, मग संत्र्याच्या बागा. चालताना काही थोर विचार वगैरे येतात असं कोणी सांगत असेल तर त्याची चप्पल चांगली असणार. मला करंगळीचा फोड तेवढा आठवतो.

फेटरीच्या पुढे टाळवाल्या एका म्हातारीने विचारलं, "काहून वो बाई, मालक नाही आले?"

"वारले."

तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं. टिकली होती, मी ती कधी काढलेली नाही.

"घटस्फोट झालेला होता," मी म्हटलं. का सांगितलं कोण जाणे.

"मंग का झालं? मानूस तर होता." आणि हाताला धरून तिने मला कडेवरून मधल्या रांगेत घेतलं, कारण मागून ट्रक येत होता. कळमेश्वर येईपर्यंत तिने हात सोडला नाही. त्या रांगेत मी रडले. टाळांचा आवाज इतका होता की कोणाला पत्ता लागला नाही, आणि लागला असता तरी तिथे अर्ध्या बायका रडतच चालत होत्या. कोण कोणाची, कोणी विचारत नाही. काकूंना हे सांगायला हवं.

धापेवाड्यात दर्शनाची रांग चंद्रभागेच्या अंगाला गेलेली. देवासमोर मिळतात तेवढे दोन क्षण मिळाले. काय बोलायचं ठरवलं होतं ते राहिलं आणि तोंडातून निघालं, "यंदा तुझं तूच जा रे बाबा."

उलटं चालत स्टेशन गाठायचा बेत होता, तो गुडघ्यांनी मोडला. एसटी पकडली. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट. कंडक्टर एका आजोबांकडे आधार कार्ड मागत होता आणि मला पुढचं सगळं ऐकू यायला लागलं. हा सोबत असता तर हाफ तिकिटावरून सुरू झाला असता : "अन् ह्याचं? अठ्ठावीस युगं उभा आहे बे तो! त्याचं वय काय कार्डावर पाहून राहिला?" कंडक्टरने घंटी मारून भर पावसात दोघांना खाली उतरवलं असतं. आणि मलाही, ओळख दाखवली म्हणून.