मयताचे नाव शेनिन

गेल्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात एके दिवशी सकाळी साडेसहा वाजता दिंडोरी तालुक्यातील एका वायनरीच्या मालकांनी मला दूरध्वनी करून कळवले की त्यांच्याकडे खून झाला आहे, खुनी कोण हे त्यांना पक्के ठाऊक आहे, आणि मी येताना सूक्ष्मदर्शक बरोबर आणावा. किण्वनाची, म्हणजे यीस्टकडून रस आंबवून घेण्याच्या कामाची, सल्लागार म्हणून मला अवेळी फोन येतात, पण इतक्या नेमक्या सूचनांसह खुनाची वर्दी तोवर कोणी दिली नव्हती.

दोन चुलत भाऊ आहेत. सोयीसाठी त्यांना थोरले आणि धाकटे म्हणते. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यानंतर नाशिक परिसरातील ज्या बागायतदारांनी थॉम्पसन या खायच्या द्राक्षांच्या काही वेली काढून वाइनची द्राक्षे लावली, त्यांत या दोघांचे वडील होते. विहिरीच्या पाळीवरून सुरू झालेले भांडण मुलांच्या काळात वाइनवर आले, आणि आज एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन वायनऱ्या उभ्या असून दोन्हींच्या फाटकांवर ‘परिसरातील पहिली’ असे लिहिलेले आहे. फोन थोरल्यांचा होता.

मी पोहोचले तेव्हा पोलीस ठाण्यातील एक हवालदार फटफटीवरून उतरत होते आणि त्यांचा चेहरा गंभीर होता. थोरल्यांनी ठाण्यात फोन करून ‘शेनिन गेली, शेजाऱ्यानेच मारली’ असे सांगितल्यामुळे एखादी परदेशी पाहुणी दगावली असावी, अशी त्यांची समजूत झाली होती. पंचनाम्यासाठी त्यांना थेट दहा हजार लिटरच्या पोलादी टाकीसमोर नेण्यात आले. मयताचे पूर्ण नाव विचारले असता शेनिन ब्लां आणि वय विचारले असता दहा दिवस, अशी उत्तरे मिळाल्यावर त्यांनी वही मिटली, टोपी काढली आणि चहा मागितला. त्या दिवशी मला भेटलेल्या माणसांत सर्वांत समंजस तेच होते.

थोरल्यांचे दुःख मात्र खरे होते. ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीपासून जपलेल्या शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांचा रस २२ ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) टाकीत आला होता. पंधरा अंशांवर किण्वन रोज एक-दीड ब्रिक्सने उतरत असताना ते अकरावर येऊन थांबले आणि तीन दिवस तिथेच राहिले. आमच्या भाषेत टाकी अडकली. अर्धी साखर तशीच पडलेली वाइन विकता येत नाही आणि नुसती ठेवली तर बिघडते.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा खून हा शब्द मलाही पटला. नमुन्यात मिथिलिन ब्लू घातले की जिवंत यीस्ट तो रंग पचवून पांढरे राहते आणि मेलेले निळे पडते. मी मोजणीच्या काचेवर दहा चौकोन मोजले, तर जवळजवळ सगळे निळे होते. मग नेहमीच्या संशयितांची झडती सुरू झाली. शीतकरणाच्या नोंदी तपासल्या, तापमान कधीच चढले नव्हते. वाइन टिकावी म्हणून घालतात त्या गंधकाचे प्रमाण मर्यादेत होते. यीस्टला लागणारा नत्र पुरेसा होता, किंबहुना जास्तच, कारण आधीच्या सल्लागारांनी आमटीत मीठ घालावे तसे डायअमोनियम फॉस्फेट घातले होते. टाकी अडकली की खत घाला, एवढेच शिकलेल्या सल्लागारांची आपल्याकडे वाण नाही. मद्यार्क जेमतेम सहा टक्के होता आणि त्याने कोणतेही धडधाकट यीस्ट मरत नाही.

थोरल्यांचा सिद्धान्त असा होता की धाकट्यांनी माणूस पाठवून टाकीत मीठ किंवा साबण टाकला. पुरावा म्हणून त्यांनी कॅमेऱ्याचे चित्रण दाखवले. टाकी भरली त्या रात्री दीड वाजता बांधाजवळ दोन सावल्या दिसत होत्या आणि एकीच्या खांद्यावर काहीतरी वेटोळे होते. इटलीहून आणलेल्या द्राक्षे पिळण्याच्या यंत्रावर कर्ज काढून खर्च करणाऱ्या गृहस्थांनी कॅमेरा मात्र असा घेतला होता की सावलीच्या खांद्यावर वळकटी आहे की अजगर, हे कळायला मार्ग नव्हता.

मला दिशा मिळाली ती टाकीच्या तळाच्या गाळातून. तो फिकट पिवळा असायला हवा होता. काचेच्या नळीत धरल्यावर मला त्यात किंचित गुलाबी झाक वाटली. गंधकामुळे लाल द्राक्षांचा रंग फिका पडतो, पण आम्ल घातले की परत येतो. मी हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले आणि नळी स्वच्छ गुलाबी झाली. थोरल्यांकडे त्या आठवड्यापर्यंत लाल द्राक्षाचा एक मणीही आलेला नव्हता. बांधापलीकडे धाकट्यांची लाल शिराझ मात्र उकळ्या मारत होती.

गाळातून वाढवलेल्या यीस्टची परीक्षा मी पुण्याला घेतली. हे काम माझ्या विशेष आवडीचे आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. कमी सामूचा, मिथिलिन ब्लू मिसळलेला आगर, म्हणजे यीस्ट वाढवायची जेली, बशीत ओततात, त्यावर नाजूक जातीच्या यीस्टची साय पसरतात आणि मधोमध संशयिताची एक रेघ ओढून बशी वीस अंशांवर ठेवतात. संशयित निरपराध असेल तर साय सगळीकडे सारखी वाढते. तिसऱ्या दिवशी माझ्या बशीत रेघेच्या दोन्ही बाजूंना रिकामा पट्टा होता आणि त्याच्या काठाला मेलेल्या पेशींची निळी किनार. यीस्टच्या काही जाती आपल्याच जातभाईंना मारणारे प्रथिन बाहेर सोडतात, हे १९६३ साली बेव्हन आणि मॅकोवर यांनी दाखवून दिले. त्या विषाची कृती पेशीत मुक्काम ठोकलेल्या एका विषाणूकडे असते आणि त्या विषापासूनचे संरक्षणही तोच देतो. म्हणजे इथे मयत आणि मारेकरी दोघेही सॅकरोमायसिस सेरेव्हिसिए, एकाच कुळातले भाऊबंद. त्या बांधावर याहून साजेसा गुन्हा घडणे कठीण होते.

वाइनकडे येण्यापूर्वी मी पाच वर्षे माल्ट व्हिस्कीच्या एका कारखान्यात काढली. तिथे असा तपास झालाच नसता. व्हिस्कीचा रस तीस अंशांच्या वर आंबतो, त्या उष्णतेत हे विष टिकत नाही, आणि तीनेक दिवसांत मयत, मारेकरी, साक्षीदार सगळेच तांब्याच्या भांड्यात घालून उकळतात. वाइनमध्ये पुरावा तळाशी बसून राहतो.

राहता राहिला प्रश्न मारेकरी बांध ओलांडून आला कसा. संध्याकाळी नळ्या ठेवायच्या खोलीत थोरल्यांचा मुकादम माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि मी काही विचारण्याआधीच बोलू लागला. “मॅडम, त्या रात्री आमचा पंप बंद पडला. गाळावरचा रस सकाळच्या आत दुसऱ्या टाकीत घ्यायचा होता. मालकांना उठवलं असतं तर नाशिकहून मेकॅनिक यायला दुपार झाली असती. मग साडूला फोन केला.” त्याचा साडू धाकट्यांकडे मुकादम आहे. साडूने शिराझवरचा पंप आणि नळी सोडवून बांधावरून दिली. याने ती तीनदा पाण्याने धुतली, पण गार पाण्याने, कारण गरम पाण्याचा बंब मालकांच्या कार्यालयाच्या कुलपात असतो. नळीच्या वळणात राहिलेल्या गाळात धाकट्यांचे राकट यीस्ट कोट्यवधींनी बसलेले होते. “आदल्या साली त्यांची फिल्टरची पॅडं संपली तेव्हा आम्हीच दिली होती,” तो म्हणाला. दोन्ही वायनऱ्या गेली कित्येक वर्षे रात्रीच्या वेळी एकच असतात आणि हे फक्त मालकांना माहीत नाही, असे माझ्या लक्षात आले.

टाकी वाचवण्याचा उपाय तर आणखी लाजिरवाणा होता. अडकलेल्या टाकीत नवे यीस्ट घालायचे तर ते विषाला न जुमानणारे लागते, आणि बाजारात मिळणाऱ्या अशा जाती बहुधा स्वतःच मारक असतात. म्हणून मी त्याच बिरादरीतले यीस्ट मागवले, अडकलेली वाइन थोडी थोडी पाजून त्याला तीन दिवस सवय लावली, विष शोषून घेण्यासाठी यीस्टची टरफले टाकली आणि मग टाकीत सोडले. बारा दिवसांत साखर संपली. वाइन स्वच्छ झाली, पण पेरूचा तो वास काही परत आला नाही.

अहवालाच्या नमुन्यात ‘कारण’ असा रकाना असतो, ‘कोणामुळे’ असा नसतो, आणि त्या वेळी मला या त्रुटीचे फार बरे वाटले. ‘अपुऱ्या निर्जंतुक केलेल्या नळीद्वारे बाह्य मारक यीस्टचा संसर्ग’ असे मी लिहिले. ते शब्दशः खरे आहे. थोरल्यांनी विचारले, नळी कोणाची? मी म्हणाले, नळीवर नाव नसते. ज्यांनी माझे शुल्क भरले त्यांच्यापासून मी हे लपवले, आणि लपवले नसते तर दोन घरांच्या चुली बंद पडल्या असत्या. पण मुकादमाला बंबाची किल्ली मिळायला हवी, हे तरी लिहायचे होते, आणि त्याचे नाव निघेल या भीतीने मी तेही टाळले.

थोरल्यांनी अहवालातून त्यांना हवे तेच घेतले. यंदा जानेवारीत मी गेले तेव्हा तिथे नवा पंप होता, त्याला साखळी होती, आणि साखळीच्या कुलपाची किल्ली रात्री मालकांच्या उशाशी असते असे मुकादमाने सांगितले. चार रात्रींपूर्वी साडूचा पंप जळाला होता. लाल वाइनची साले रसावर तरंगतात आणि त्यांवर वारंवार रस फिरवला नाही तर आत उष्णता कोंडून यीस्ट मरते, म्हणून त्याने याच्याकडे पंप मागितला. “पहिल्यांदाच नाही म्हणालो,” मुकादम म्हणाला. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला, धाकट्यांचा, आणि त्यांनीही सुरुवात ‘खून’ या शब्दानेच केली.