ब्रिजिड म्हणजे अग्निबाण नाही

आयरिश मुलींच्या नावांमध्ये ब्रिजिड शोधलंत ना, की अर्थाच्या जागी बऱ्याच ठिकाणी "अग्निबाण", म्हणजे पेटता बाण, असं लिहिलेलं दिसतं, आणि ते वाचलं की मला दर वेळी कुणीतरी थांबवून सांगावंसं वाटतं की अहो नाही, ह्या नावाचा खरा अर्थ ह्याच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणून आज ते सगळं एकदाचं लिहूनच टाकते.

आधी हा अग्निबाण आला कुठून ते सांगते, कारण तो काही आजकालचा नाही. कॉर्मॅकचा शब्दकोश म्हणून एक जुना आयरिश ग्रंथ आहे, आयर्लंडमधल्या कॅशेलचा राजा आणि बिशप कॉर्मॅक, जो ९०८ साली लढाईत मारला गेला, त्याच्या नावावर तो चालतो. त्यात ह्या नावाची फोड ज्वाळा आणि बाण अशा दोन आयरिश शब्दांत करून दाखवलीये. त्या काळचे विद्वान शब्दाची फोड अशीच करायचे, कानाला जे जुळतंय ते जोडायचं. सुंदर आहे, पण व्युत्पत्ती नाही.

भाषेचे अभ्यासक जे मूळ सांगतात ते "ब्रिगांती" असं आहे, म्हणजे उंचावरची, थोर. आणि इथेच आपल्याला थांबायला हवं, कारण ज्या प्राचीन धातूपासून हे आलं त्याच धातूपासून संस्कृतातलं बृहत् आलंय आणि त्याचं स्त्रीलिंगी रूप बृहती! ब्रिजिड आणि बृहती ह्या चक्क सख्ख्या बहिणी आहेत, कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही, दोघी एकाच घरातून निघून हजारो मैल लांब गेल्या. जर्मनमध्ये डोंगराला बेर्ग म्हणतात तोही ह्याच कुटुंबातला. रोमन काळात उत्तर इंग्लंडमध्ये ब्रिगांतेस नावाची मोठी जमात होती, त्यांची देवी ब्रिगांतिया, तिच्या नावाचे कोरीव दगड सापडलेत. तेही हेच नाव.

आता गंमत बघा, ज्या शब्दकोशाने अग्निबाण दिला त्यानेच ब्रिजिड ही देवी होती आणि कवी तिची पूजा करायचे हेही लिहून ठेवलंय. दग्दा ह्या देवाची ती मुलगी, आणि तिला दोन बहिणी, त्यांचीही नावं ब्रिजिडच, एक वैद्यकीची देवी आणि एक लोहारकामाची. कविता, औषध आणि भट्टी, तिन्ही एकाच नावाखाली! तिची अजून एक गोष्ट मला फार भिडते. मॉयतुरा इथल्या देवांच्या लढाईत तिचा मुलगा रुआदान मारला जातो, ती आक्रोश करते, आणि कथा म्हणते की आयर्लंडमध्ये मेलेल्या माणसासाठी मोठ्याने रडून शोक केल्याचं तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

मग ख्रिस्ती धर्म आला आणि हेच नाव एका संत बाईकडे गेलं. किल्डेअरची संत ब्रिजिड, साधारण इ.स. ४५१ ते ५२५ हा तिचा काळ सांगतात, किल्डेअर म्हणजे ओकच्या झाडाचं चर्च. ती खरंच होऊन गेली की देवीलाच संत केलं ह्यावर अभ्यासक अजून वाद घालतात, मला विचाराल तर नावाच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही, कारण लोकांनी दोघींना कधी वेगळं ठेवलंच नाही. देवीच्या वसंताच्या सणाचा दिवस १ फेब्रुवारी, संत ब्रिजिडचाही तोच.

किल्डेअरला एक अग्नी होता, कधीच न विझू दिलेला. बाराव्या शतकात वेल्सचा जेराल्ड नावाचा धर्मगुरू आयर्लंडला गेला होता, त्याने त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. भोवती गोल कुंपण, त्याच्या आत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही. १९ जोगिणी, म्हणजे ख्रिस्ती नन, रोज एकेक रात्र अग्नी सांभाळायच्या, तोंडाने फुंकर घालायची नाही, भात्याने वारा घालायचा, आणि विसाव्या रात्री शेवटची जोगीण लाकडं जवळ ठेवून म्हणायची, ब्रिजिड, तुझा अग्नी तू सांभाळ, आजची रात्र तुझी. सकाळी बघावं तर लाकडं जळलेली आणि अग्नी तसाच. सोळाव्या शतकातल्या धार्मिक उलथापालथीत तो विझला, मग १९९३ साली किल्डेअरमध्ये तिथल्या ब्रिजिडाइन संघाच्या जोगिणींनी पुन्हा पेटवला.

३१ जानेवारीच्या संध्याकाळी आयर्लंडमध्ये बऱ्याच घरांत ब्रिजिडचा क्रॉस विणतात, तोही लव्हाळ्याचा. काड्या कापायच्या नाहीत, ओढून उपटायच्या. एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर आडवी अडकवायची, मग सगळं एकत्र धरून पाव वळसा फिरवायचं, पुढची काडी दुमडून आधीच्या काडीला मिठी मारल्यासारखी घालायची, परत फिरवायचं, असं करत करत मध्ये चौकोन भरत जातो आणि चार हात बाहेर येतात, त्यांची टोकं बांधली की झाला क्रॉस. आगीपासून घर राखायला तो दाराच्या वर लावायचा.

एवढं मानाचं नाव, त्यामुळे मध्ययुगात ते "ब्रिजिडचा सेवक" अशा अर्थाने पुरुषांच्या नावातही असायचं. आजचं मॅकब्राइड हे आडनाव त्यातूनच आलंय. नाव फिरलंही खूप, वेल्समध्ये फ्राइद, स्कॉटलंडमध्ये ब्राइड, फ्रान्समध्ये ब्रिजिट, स्वीडनमध्ये बिर्गिटा आणि ब्रिट.

आणि मग ह्या नावाचं जे झालं त्याचा मला मनापासून राग येतो. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे १० लाख माणसं मेली आणि तेवढीच किंवा जास्तच देश सोडून गेली, त्यात एकट्या तरुण मुली प्रचंड होत्या, ह्यातल्या कितीतरी जणी न्यूयॉर्क, बॉस्टनमध्ये घरकामाला लागल्या. ब्रिजेट, म्हणजे ब्रिजिडचंच इंग्रजी रूप, हे नाव त्यांच्यात इतकं कॉमन होतं की मालकिणी कुठल्याही आयरिश मोलकरणीला सरसकट ब्रिजेट नाहीतर बिडी (ब्रिजेटचंच छोटं रूप) म्हणायला लागल्या, पेपरातल्या व्यंगचित्रांत धांदरट मोलकरीण म्हणजे बिडी हे ठरूनच गेलं. कित्येक जणींनी मग डीलिया, बर्था अशी नावं घेतली आणि आपल्या मुलींना ब्रिजेट ठेवणं टाळलं. ज्या नावाचा अर्थच उंचावरची, ते नाव पोरींना लाज वाटेल इतकं खाली आणलं गेलं. ह्या बायकांनी तिथे भांडी घासून घरी पाठवलेल्या पैशांवर आयर्लंडमधली कितीतरी कुटुंबं जगली, भावंडांची बोटीची तिकिटं निघाली, हे त्या व्यंगचित्रांत कुठेच नसायचं.

२०२३ पासून आयर्लंडमध्ये संत ब्रिजिडच्या नावाने सरकारी सुट्टी आहे, साधारणपणे फेब्रुवारीतल्या पहिल्या सोमवारी, एका बाईच्या नावाने असलेली तिथली ही पहिली सुट्टी. उशीर झाला पण झालं हे बरं झालं!

कुणी हे नाव ठेवणार असेल तर माझं मत आयरिश रूपालाच, म्हणजे ब्रीद. जुन्या स्पेलिंगमध्ये मधे जी-एच असायचं, ते उच्चारातून कधीच गेलं होतं, नंतर लिहितानाही काढून टाकलं. उच्चार भागाप्रमाणे बदलतो, दक्षिणेत मन्स्टरकडे शेवटी "द"च्या जवळचा, पश्चिमेला आणि उत्तरेला "ज"कडे झुकणारा, म्हणजे जवळजवळ ब्रीज. दोन्ही बरोबर आहेत. फक्त रोमन लिपीत लिहिताना आय वरची तिरकी रेघ, तिला फादा म्हणतात, ती अजिबात गाळू नका, कारण ई दीर्घ होते ती तिच्यामुळेच.