बाप्तिस्म्याचा दाखला, संत अंतोनी आणि मी

चर्चमध्ये लग्न करायचं ठरलं की सगळ्यात आधी बाप्तिस्म्याचा दाखला काढायला घ्या. हॉल, केटरर, सूट सगळं नंतर. नाशिकरोडला ओळखीतल्या प्रत्येक पोराला मी हे सांगत सुटलोय, कारण माझा राग अजून उतरलेला नाही.

दाखला ताजा लागतो, सहा महिन्यांच्या आतला. त्याला कारण आहे. बाप्तिस्म्याच्या वहीत प्रत्येक नोंदीशेजारी शेऱ्याची जागा असते. पुढे दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करणारा संस्कार), लग्न जे काही होईल ते तिथं चढवतात. त्यामुळे गडी आधीच कुठं बोहल्यावर चढलेला नाही, हे नव्या दाखल्यावरूनच कळतं. नियम चांगला आहे, माझं भांडण नियमाशी नाहीच.

लग्नाआधीचा कोर्स, रविवारच्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) होणारी नावांची घोषणा, फादरांसमोरची प्रश्नोत्तरं, हे सगळं विनासायास झालं. बायकोचा दाखला वसईहून कुरिअरनं घरपोच आला. अडकलो मी.

माझा बाप्तिस्मा आईच्या माहेरी, नगर जिल्ह्यातल्या एका गावात झालेला. जुना दाखला घर बदलताना कुठंतरी गेला. माझा जन्म १३ जूनचा, म्हणजे इटलीतल्या पादुआच्या संत अंतोनींच्या सणाचा, म्हणून नावही अँथनी. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत. आई किल्ली सापडेना तरी त्यांनाच हाक मारते. दाखल्याचं कळल्यावर म्हणाली, "अंतोनीला सांग, तुझाच संत आहे." मी म्हटलं, आधी ऑफिसात तर जाऊन येतो.

ऑफिसातल्या माणसानं जन्मसाल विचारलं, त्या सालची वही काढली, जून ते ऑगस्टच्या नावांवरून अंगठा फिरवला आणि वही मिटली. "नाही सर." मी म्हटलं, पुढचे महिने बघा. बघितले, तेही नाराजीनं. नाही. पुढचं वर्ष बघा म्हटलं, तर म्हणे, "जन्म जूनचा ना? मग पुढच्या वर्षात कशाला असेल?" आणि कपाटाला कुलूप. पुढच्या खेपेला कळलं की सोमवारी ऑफिस बंद असतं. हे दारावर लिहिलेलं नाही. त्यानंतर फादर मीटिंगला, आणि त्यांच्याशिवाय वहीला हात लावायचा नाही. मग अर्ज द्या. अर्जात बाप्तिस्म्याची तारीख भरणं सक्तीचं. अहो, तारीख माहीत असती तर निम्मं काम झालं नसतं का? रकाना मोकळा ठेवला तर अर्ज परत, अंदाजे तारीख टाकली तर "या तारखेला नोंद नाही". फोन केला की रिंग वाजत राहायची. एसटीनं हाडं खिळखिळी करत जायचं आणि बाकावर बसून यायचं, असं चाललं होतं.

त्या बाकासमोर भिंतीच्या कोनाड्यात नेमका संत अंतोनींचाच पुतळा. तपकिरी झगा, एका हातात लिली, दुसऱ्या हातावर पुस्तक आणि पुस्तकावर बाळ येशू. लिली धरलेल्या हाताची करंगळी उडालेली, आतली तार दिसत होती. पायाशी घडी घातलेल्या चिठ्ठ्या. कुणाचं काय हरवलं होतं कोण जाणे. आमच्याकडे बाळ येशू म्हटलं की फेब्रुवारीतली नाशिकरोडची यात्रा आणि पुणे रोडवरची गर्दी. इथं मी आणि पंखा.

बसल्या बसल्या त्यांचं चरित्र आठवत होतो, धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेलं. ते पादुआचे नव्हेतच. जन्म लिस्बनचा, ११९५ च्या सुमाराचा, नाव फर्नांडो. आधी ऑगस्टिनी मठात होते. १२२० मध्ये मोरोक्कोत मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातल्या, बंधूंचे अवशेष पोर्तुगालमधल्या कोइंब्राला आले, ते पाहून यांनी संघ बदलला, अंतोनी नाव घेतलं आणि हौतात्म्य मिळावं म्हणून स्वतः मोरोक्कोला गेले. तिथं पोचताच आजारी पडले. परत निघाले, तर वादळानं गलबत सिसिलीला नेलं. इटलीत कुणी ओळखत नव्हतं. फोर्लीला एकदा ऐनवेळी उपदेश करायला उभं केलं, तेव्हा लोकांना कळलं हा माणूस काय चीज आहे. एवढा विद्वान, १९४६ मध्ये पोपनी 'चर्चचे आचार्य' ठरवलेला, आणि आपण त्याला चष्मा शोधायला लावतो. अर्थात त्यालाही एक कथा आहे. त्यांचं स्तोत्रांचं पुस्तक, शिकवण्यासाठी काढलेल्या स्वतःच्या टिपणांसकट, मठ सोडून जाणाऱ्या एका नवशिक्यानं लांबवलं. यांनी प्रार्थना केली आणि तो परत येऊन देऊन गेला. छापखाने नव्हते तेव्हाची गोष्ट. असं पुस्तक जाणं म्हणजे केवढा घाला!

पण मला खरा राग आला तो दुसरंच आठवून. अंतोनी वारले १३ जून १२३१ ला आणि संत म्हणून घोषित झाले ३० मे १२३२ ला. वर्षही झालं नव्हतं! चौकशी, चमत्कारांचे साक्षीदार, पोप नववे ग्रेगरी, सगळं उरकून. आणि इथं शेजारची वही उघडायला माणूस तयार नाही.

(तुमचा जन्म १७ जानेवारीचा असेल तर तुमचे अंतोनी वेगळे, इजिप्तच्या वाळवंटातले मठाधिपती. लोक नेहमी गोंधळ करतात.)

आई मंगळवारी नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, करत होती. अंतोनींचं दफन मंगळवारी झालं, म्हणून त्यांचा वार मंगळवार. काम झालं तर गरिबांना पाव वाटण्याचा नवसही बोलली होती. आणि एका मंगळवारी मामाचा फोन आला की माझ्या बाप्तिस्म्याचा एक फोटो सापडलाय. आई म्हणते हे कुणाचं काम ते उघड आहे. मी म्हणतो मामाला कपाट आवरायला मामीनं लावलं. फोटोत मावशीच्या, म्हणजे माझ्या धर्ममातेच्या (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारी), हातात मी आणि मागं वेदीजवळ गवताचं छप्पर, कागदी चांदणी, मेंढरं. नाताळचा गोठा! म्हणजे बाप्तिस्मा डिसेंबरअखेर नाही तर जानेवारीत. बाबा तेव्हा नोट प्रेसमध्ये होते, त्यांना रजा मिळेल त्या बेतानं नाताळापर्यंत थांबले असणार.

या वेळी मी ऑफिसात नाही, थेट मिस्सेनंतर फादरांकडे गेलो आणि फोटो दाखवला. त्यांनी स्वतः पुढच्या सालची वही काढली. दुसऱ्याच पानावर, ४ जानेवारी. आईबाबांची नावं, धर्ममातापित्यांची नावं, सही, सगळं व्यवस्थित. पुढच्या वर्षात कशाला असेल म्हणे!

तेव्हा वही जन्माच्या नाही, बाप्तिस्म्याच्या तारखेनं चालते हे पहिल्याच दिवशी ठणकावून सांगा. दृढीकरण दुसऱ्या चर्चमध्ये झालं असेल तर तिथली वही आधी बघा, त्यात बाप्तिस्म्याचं गाव आणि तारीख असायला हवी (माझ्या नोंदीत फक्त गाव होतं). धर्ममातापित्यांची नावं पाठ ठेवा. आणि नोंद खरोखरच सापडली नाही तरी घाबरू नका. कॅनन कायद्याच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, ८७६ व्या कलमानुसार, कुणाचं नुकसान होत नसेल तर एका विश्वासार्ह साक्षीदाराचं निवेदन पुरतं. माझी मावशी तेवढ्यासाठी एसटीत बसायला तयार होती. हे मला ऑफिसात कुणी सांगितलं नाही, नाशिकच्या फादरांनी सांगितलं.

पाव आईनं माझ्याच पैशांनी वाटले. लग्न झाल्यावर त्या नोंदीशेजारी शेरा लिहायला इथून पत्र गेलंय. पोचलं का विचारायला परवा गावच्या ऑफिसात फोन केला. सोमवार होता.