२१ फुटांची भिंत

पिट्सबर्गला गेलो ते ताईकडे. पहिले तीन दिवस वेंकटेश्वराचं मंदिर, खरेदी आणि गप्पांत गेले. चौथ्या दिवशी भाऊजींनी बेसबॉलची तिकिटं काढली. मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. नाखुशीनेच निघालो.

मैदानाकडे जाणारा पिवळा पूल बेसबॉलपटू रोबेर्तो क्लेमेंतेच्या नावाचा. सामन्याच्या दिवशी त्यावर गाड्या बंद, सगळे पायी. जागेवर बसल्यावर भाऊजी म्हणाले, "ती उजवीकडची भिंत बघ. बरोबर २१ फूट. त्याचा नंबर २१ होता, खेळायचाही उजवीकडेच."

प्वेर्तो रिकोचा हा पोरगा १९५५ ते १९७२, सलग १८ हंगाम याच पायरेट्स संघाकडून खेळला. क्षेत्ररक्षणाचे १२ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार. इथले लोक मात्र त्याला 'बॉब' म्हणायचे, त्याचा फोटो असलेल्या बेसबॉल कार्डांवरही तेच छापायचे. त्याला ते आवडत नसे. आपल्या जिभेच्या सोयीसाठी दुसऱ्याचं नाव छाटायचं, याची मलाही चीड येते.

"त्याचा तीन हजारावा हिट, म्हणजे यशस्वी फटका, ३० सप्टेंबर १९७२ ला," भाऊजी सांगत होते. "साखळीतला शेवटचाच ठरला."

३० सप्टेंबर ऐकलं आणि पुढचा खेळ मला दिसेनासा झाला. मी औशाचा. आमच्याकडे ही तारीख किल्लारीची, १९९३ ची. तेव्हा मी नववीत होतो. बाबा घोंगड्यांच्या ट्रकमध्ये मागे मालावरच बसून गेले होते. आई नको म्हणत होती. "वाटेत माल उतरवून घेतात. हातात दिल्याशिवाय पोचत नाही," एवढंच बोलले. दोन दिवसांनी परतले तेव्हा भुवयांपर्यंत मातीने पांढरे झाले होते. जेवले नाहीत.

क्लेमेंतेही असाच निघाला होता. डिसेंबर १९७२ मध्ये निकारागुआत, मानाग्वाला भूकंप झाला. पाठवलेली मदत तिथले सैनिक लाटतात असं कानावर आलं, तेव्हा ३१ डिसेंबरच्या रात्री तो स्वतः मालाच्या विमानात बसला. विमान जुनं, त्यात वजन जास्त. उड्डाणानंतर लगेच समुद्रात कोसळलं. वय ३८. देह सापडलाच नाही. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, येण्यासाठी खेळ थांबल्यावर पाच वर्षं थांबण्याचा नियम त्याच्यासाठी बाजूला ठेवला गेला.

सामना कोण जिंकलं ते आठवत नाही. भाऊजींनी फोटोसाठी फोन काढला. म्हटलं, "माझा नको, भिंतीचा काढा. बाबांना पाठवायचाय."