चाईसाठी जॅक इन्हिबिटर: गोळी सुरू करण्याआधी

चाईत केसांची मुळं मरत नाहीत, शरीराच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्यांच्यावर हल्ला करतात. या हल्ल्याचा निरोप पेशीच्या आत पोचवणारी जॅक विकरं या गोळ्या रोखतात. म्हणूनच आनुवंशिक टकलावर त्यांच्यामागे पैसे घालवू नका.

यांपैकी बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत जून २०२२ मध्ये तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली. चाचण्यांत निम्म्याहून जास्त केस गेलेले प्रौढ होते. रोज ४ मिलिग्रॅम घेऊन ३६ आठवड्यांनी साधारण तिघांतल्या एकाच्या डोक्यावर निदान ८० टक्के केस होते. चाईचा चालू टप्पा चार वर्षांहून जुना असेल, तर प्रतिसाद कमी मिळतो. तेव्हा उगाच वेळ दवडू नये.

किती केस गेले याची मोजणी १०० पैकी अशी: डोक्याचा वरचा भाग ४०, मागचा २४, दोन्ही बाजू प्रत्येकी १८. मागचा अर्धा भाग मोकळा असेल तर १२ गुण. सुरुवातीलाच चारही बाजूंनी, एकाच उजेडात फोटो काढून ठेवा. नाहीतर तिसऱ्या महिन्यात नुसत्या अंदाजावर गोळी सोडली जाते.

आपल्याकडे खरी काळजी क्षयाची. सुप्त क्षय या औषधाने उफाळू शकतो, म्हणून मँटू (क्षयाची त्वचेवरची चाचणी) किंवा इग्रा (त्याचीच रक्तचाचणी) आणि छातीचा एक्स-रे आधीच हवा. सोबत हिपॅटायटिस बी-सी, रक्तपेशी, यकृत, कोलेस्टेरॉल. गरोदरपणाचा विचार असेल, पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल किंवा धूम्रपान चालू असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. उपचार चालू असताना जिवंत (दुर्बळ केलेले जिवंत जंतू असलेली) लस घेऊ नये.

गोळी थांबवल्यावर बहुतेकांचे केस पुन्हा गळतात. त्यामुळे काही वर्षांचा खर्च धरूनच निर्णय घ्या.