थंडीपूर्वीची बाग: नाशिकच्या अंगणातील या हंगामाची प्रगती

परतीचा पाऊस थांबला आणि अंगणातल्या लॉनची माती पायाखाली घट्ट लागू लागली, तेव्हा हिवाळ्याची तयारी हाती घेतली. आमच्याकडे द्राक्षबागांत गोडी छाटणीची, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीची, धांदल सुरू असते त्याच दिवसांत गुलाबाचीही छाटणी येते. तरीही माझ्या मते पहिला मान लॉनला द्यावा. हरळीच्या जातीचे गवत उन्हाळी स्वभावाचे असते. रात्री थंडावल्या की त्याची वाढ मंदावते आणि तापमान १० अंशांच्या आसपास उतरले की ती जवळजवळ थांबते. त्यामुळे आपण केलेल्या खणण्या-टोचण्यातून सावरायला त्याला ऑक्टोबरची ऊब मिळायलाच हवी. डिसेंबरात पडलेले टक्कल उन्हे तापेपर्यंत भरून येत नाही.

सर्वांत जास्त वेळ लव्हाळा या चिवट तणाने खाल्ला. नुसती पाती उपटली, तर तो आठवडाभरात पुन्हा डोके वर काढतो, कारण त्याचा सगळा जीव जमिनीतल्या गाठीत असतो. माती ओलसर असताना खुरप्याचे टोक पात्याच्या बुंध्याशी तिरके घालून, दोऱ्यासारख्या मुळाचा माग काढत गेले की काळपट, चिवट गाठ हाती लागते आणि बहुधा तिच्या पुढे दुसरीही असते. या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत.

त्यानंतर गवताची कापणी टप्प्याटप्प्याने केली. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त पाते घेतले नाही. सततच्या वर्दळीने दबलेल्या जागी काटेरी फावड्याने भोके पाडली आणि चाळलेली पोयटा माती, जाडसर वाळू व गांडूळखत समप्रमाणात मिसळून त्याचा पातळ थर पसरला. पात्यांची टोके वर दिसत राहतील इतपत तो खराट्याने सारखा केला. आता त्या जागी नवे धुमारे फुटले आहेत.

गुलाबांची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यात झाली. वाळक्या, रोगट आणि आत वळलेल्या काड्या काढून प्रत्येक झाडावर चार-पाच जोमदार फांद्या ठेवल्या. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (फुटव्याच्या अंकुराच्या) किंचित वर तिरपा काप घेऊन त्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट लावली. कलम ज्यावर बांधलेले असते त्या खुंटातून आलेले जंगली फुटवे मुळाशीच तोडले. आळ्यात शेणखत व निंबोळी पेंड घातली आहे. गावठी गुलाबावर मात्र हलकाच हात फिरवला. छाटणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांत बहर येतो, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला फुले यावीत. सध्या तांबूस कोवळी फूट आहे आणि भुरी हा बुरशीचा रोग नेमकी तीच शोधतो, म्हणून पानांची मागची बाजूही रोज पाहतो. पांढरी पूड दिसलीच, तर पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाची फवारणी करावी, पण कडक उन्हात नको, पाने करपतात.

पिटुनिया, फ्लॉक्स आणि डॉगफ्लॉवरची रोपे कोकोपीटच्या ट्रेमध्ये आहेत. सुरुवातीच्या बीजपानांनंतरची चार खरी पाने आली की ती वाफ्यात जातील. शेवंतीला कळ्या धरल्या असून, मोठे फूल हवे असलेल्या कुंड्यांत बाजूच्या कळ्या खुडत आहे. लॉनचे पाणी संध्याकाळऐवजी सकाळी देणे सुरू केले आहे, कारण रात्रभर ओल राहिली की बुरशीला निमंत्रण मिळते. यापुढे थंडी वाढेल तसतसे दोन पाण्यांतले अंतरही वाढवायचे आहे आणि डेलियाला काठ्यांचा आधार द्यायचा राहिला आहे.