टक्के किती राहिले?

इलेक्ट्रिक गाडी चालवणाऱ्याचा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा टक्क्यांवर असतो. पेट्रोलच्या गाडीत काटा तळाला टेकला तरी ‘जाईल अजून वीस-पंचवीस किलोमीटर’ म्हणून आपण निवांत असायचो. इथे 42 चे 41 झाले की मागच्या सीटवरून विचारणा होते.

खरं तर त्या काट्याला निदान आधार होता. टाकीत एक तरंगता फ्लोट असायचा, पेट्रोलबरोबर वरखाली व्हायचा. बॅटरीत तरंगायला काही नाही. आत वीज किती उरली, हे थेट दाखवणारं साधनच नाही. सॉफ्टवेअर जुन्या पेढीवरच्या दिवाणजीसारखं कीर्द घेऊन बसलेलं असतं: एवढा करंट आत आला, एवढा बाहेर गेला, बाकी इतकी. प्रत्येक नोंदीत बारीकशी चूक, आणि त्या चुका साठत जातात. मग मधूनमधून सेलच्या व्होल्टेजशी ताळा करून बघायचा. पण आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत असते ती लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी या बाबतीत भलतीच घुमी. चार्ज 70 टक्के असो की 40, व्होल्टेज जवळपास तेवढंच. पूर्ण भरली किंवा संपत आली, तरच तिचा काही थांग लागतो. म्हणून तर अधूनमधून 100 टक्के चार्ज करत जा, असं कंपन्या सांगतात.

या हिशेबाची खरी परीक्षा घाटात. मुंबईहून निघालं की पनवेलपर्यंतच्या सपाट रस्त्यावरून गाडी आपली चाल ओळखते आणि उदार मनाने पुढचे किलोमीटर दाखवते. समोर डोंगर आहे, हे तिला बऱ्याचदा ठाऊकच नसतं. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटरचा चढ. दीड टनाची गाडी नुसती तेवढी वर न्यायलाच सव्वादोन युनिट वीज लागते. वारा, टायर, एसी हे सगळं वेगळं. 30 युनिटच्या बॅटरीतून साडेसात टक्के डोळ्यांदेखत जातात आणि गाडीत कुणी कुणाशी फारसं बोलत नाही.

उतरताना मात्र मौज. पाय उचलला की मोटरच जनित्र होते आणि गेलेल्यातलं बरंचसं परत येऊ लागतं. टक्का वाढताना बघण्यात जे सुख आहे, ते पेट्रोलवाल्यांना कसं कळणार! पण लोणावळ्याला जेवता जेवता 100 टक्के चार्ज करून घाट उतरायला निघालात, तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नाही. मग पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी आवरत नाही, ब्रेकवर पाय ठेवावाच लागतो. घाटाच्या वर राहणाऱ्यांनी चार टक्के कमी भरून निघावं, हा माझा फुकटचा सल्ला.

पाय उचलल्यावर गाडीने किती आवरायचं, हेही कुणीतरी कोडमध्ये लिहून ठेवलेलं असतं. ब्रेक दाबल्यावरचंही बरंचसं तसंच. 2018 मध्ये अमेरिकेत ग्राहकांसाठी वस्तू पारखणाऱ्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने टेस्लाची मॉडेल 3 तपासली, तेव्हा ताशी 60 मैलांवरून थांबायला तिला 152 फूट लागले. कंपनीने इंटरनेटवरून अपडेट पाठवलं आणि तीच गाडी 133 फुटांत थांबली. पाना नाही, ग्रीस नाही, गाडी जागची हलली नाही. मला याचं कौतुक आहे आणि थोडी धास्तीही. रात्रीत सुधारणारा ब्रेक रात्रीत बिघडूही शकेल, असं मनात येतंच.

डिझाइनवाल्यांचा डोळाही टक्क्यांवरच. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो, म्हणून समोरची जाळी बुजवली, दाराच्या कड्या पत्र्यात लपवल्या. जाळी गेली त्याचं दुःख नाही. पण पावसात एका हातात छत्री आणि दुसऱ्यात पिशवी घेऊन दार चाचपणाऱ्या आजींना विचारा. बटणं काढून सगळं स्क्रीनमध्ये कोंबायच्या हौसेला तरी आता लगाम बसतोय. गाड्यांच्या सुरक्षिततेला गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना खरी बटणं किंवा दांडे नसतील, तर गुण कापायचं ठरवलं.

आणि एवढा सगळा थाट बहुतेक गाड्यांत अजून एका साध्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर अवलंबून असतो. कॉम्प्युटर जागा होतो तो तिच्यावर, मोठ्या बॅटरीचे स्विच जोडले जातात तेही तिच्यावरच. ती बसली की मोठ्या बॅटरीत 90 टक्के वीज असूनही गाडी ढिम्म हलत नाही. अशा वेळी जंपर केबल घेऊन धावून येतो तो बहुधा सोसायटीतला जुन्या डिझेल गाडीचा मालक, आणि चिमटे लावता लावता तो विचारतोच, “काय, ॲव्हरेज किती देते?”